थंडी ओसरतेय: तुमच्या आसपासच्या लहान खुणा आणि त्यांचे फोटो

पायवाट
नमस्कार मंडळी,
फेब्रुवारी लागला की फोनवर पळसाच्या फोटोंची रांग लागते. पळस मलाही आवडतो, पण तो पेटला की सगळ्यांनाच दिसतो. त्याआधी काही आठवडे त्याच निष्पर्ण फांद्यांवर काळपट तपकिरी, मखमली कळ्यांचे घोस बसलेले असतात. तेव्हा झाडाखालून माणसं जात-येत राहतात आणि कोणी मान वर करत नाही. मग एका सकाळी एखाद्या कळीच्या टोकाला केशरी रेघ फुटते. मला ती रेघ हवी असते.

मी पुण्यात वेताळ टेकडीजवळ राहते. माझ्या खुणा सांगते. थंडीत गप्प असलेला तांबट पक्षी जानेवारी सरता सरता एखाद्या दुपारी 'टुक टुक टुक' सुरू करतो आणि मग थांबायचं नाव घेत नाही. जांभळ्या शिंजीर पक्ष्याचा नर तोवर पिवळट पोटावर मधोमध काळी पट्टी घेऊन हिंडत असतो, ती पट्टी पसरत जाऊन सगळं अंग चमकदार जांभळं-काळं होतं. पिंपळाच्या शेंड्यांना गुंडाळलेली तांबूस पालवी सुटायला लागते.

शाळेत आपण 'हिवाळ्यात निसर्ग झोपतो' असं शिकलो. ते बर्फाच्या देशांचं. आपली पानगळ मुख्यतः पाणी वाचवण्यासाठी असते. पाऊस जाऊन चार महिने झालेले, जमीन वाळलेली, पानांतून उडून जाणारं पाणी झाडाला परवडत नाही. आणि अंगावर पान नसतं नेमकं तेव्हाच पळस, पांगारा, काटेसावर फुलतात, म्हणजे पाखरांना ती फुलं लांबूनही दिसतात.

तर प्रश्न असा: थंडी चालली हे तुम्हाला तुमच्या गावात, गल्लीत, गॅलरीत पहिल्यांदा कशावरून कळतं? मोठं दृश्य नको, लहान खूण हवी. तिचा फोटो काढता का? कसा? प्रचि (प्रकाशचित्र) टाका, झब्बू (उत्तरादाखल आपला फोटो) द्या, नुसतं लिहिलंत तरी चालेल.

गॅलरीतली चिमणी
छान धागा! माझ्याकडे झाड नाही, टेकडी नाही. ठाण्यात सातव्या मजल्यावर दक्षिणेची गॅलरी आहे. डिसेंबरात ऊन थेट दिवाणखान्यातल्या सोफ्यापर्यंत येतं. सूर्य उत्तरेकडे सरकू लागला की ते रोज थोडं थोडं मागे जातं. रथसप्तमीच्या सुमारास माझ्या लक्षात येतं की सकाळी पेपर वाचायला खुर्ची दाराकडे ओढावी लागतेय. मी दर रविवारी एकाच वेळी फरशीचा फोटो काढते. फोटो म्हणून त्यात काही नाही, फरशी आणि उन्हाची कड. ओळीने लावले की सूर्य चालताना दिसतो.

मेकॅनिकल मन्या
ठाणे-मुंबईत थंडी ओसरायला आधी यायला पाहिजे ना काकू :)
गंमत सोडा. आमच्या कंपनीच्या मोबाइल टॉवरवर याच दिवसांत घारी काटक्या घेऊन येतात. काटक्याच नाही, वायरचे तुकडे, चिंध्या, एकदा तर लाल रिबीन. ती माझी खूण.

सातबारा
+१ फरशीच्या फोटोंना. असं काही करता येतं हे सुचलंच नव्हतं.

जुनाजाणता
धागा चांगला आहे, पण एक विरोधी मत नोंदवतो. फोटोच्या नादात बघणं राहून जातं. गेल्या रविवारी काटेसावरीखाली उभा होतो. शेजारी चार जण भलीमोठी लेन्स लावून आले, खटाखट पन्नास फोटो मारले आणि गेले. त्या झाडावर मैना होत्या, कोतवाल होता, बुलबुल होते, खारी फुलं कुरतडत होत्या. टपोरी फुलं धपकन खाली पडत होती. जंगलात तीच पडलेली फुलं भेकरं येऊन खातात. यातलं त्यांनी काय पाहिलं? मी कॅमेरा विकून टाकला आणि वही घेतली. तारीख, वेळ, काय पाहिलं. बस.

पायवाट
@जुनाजाणता, तुमच्या वहीबद्दल आदर आहे, पण सरसकट पटत नाही. घाईने बघणारा वही घेऊनही घाईतच बघेल. माझं उलट झालं. आंब्याचा मोहोर मी लहानपणापासून पाहत आलेय, पण जवळून फोटो काढायला लागल्यावर कळलं की एकाच तुऱ्यात दोन प्रकारची फुलं असतात. काहींच्या मध्यभागी हिरवट-पिवळा गोल बीजांडकोश असतो, बाकीची नुसती नर. गुलाबी परागकोशाचा कामाचा पुंकेसर बहुधा एकच. आणि मोहोरावर मधमाश्यांपेक्षा माश्याच जास्त. नुसत्या डोळ्यांनी हे मला कधीच दिसलं नसतं.

देवगडचा नातू
मोहोराचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्याकडे मोहोर बघायचा म्हणजे आधी पान उलटं करून बघायचं. हात चिकट झाला की समजायचं तुडतुडे आलेत. ते रस शोषतात, गोड चिकटा टाकतात आणि त्यावर काळी बुरशी धरते. फोटोवाल्यांना चकाकणारं पान सुंदर वाटतं, आजोबांच्या कपाळावर आठ्या पडतात.

बोरीबाभळी
आमची खूण शेतातली आहे. मी बीड जिल्ह्यातला. माघात पहाटे हरभऱ्यात शिरलं की पाय ओले होतात आणि चुरचुरतात. ते निव्वळ दव नसतं, ती आंब. हरभऱ्याच्या पानावर, घाट्यावर (शेंगेवर) बारीक लव असते आणि लवेच्या टोकाला आम्लाचा थेंब असतो. मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं त्यात. आमची आजी पहाटे स्वच्छ धोतराचा तुकडा हरभऱ्यावरून फिरवायची, भिजला की पिळून बाटलीत भरायची. पोटदुखीवर तेच औषध.

थंडी कमी व्हायला लागली, रान वाळायला लागलं की आंब कमी होते. घाटे पिवळे पडतात. ज्या सकाळी हरभऱ्यातून चालून पोटऱ्या चुरचुरत नाहीत, त्या सकाळी आम्ही म्हणतो, 'गेली थंडी'. महाशिवरात्रीला ती शिव शिव म्हणत जाते असं सगळे म्हणतात, पण आमच्या शेताला ते थोडं आधीच कळतं.

फोटो काढायचा फार प्रयत्न केला. थेंब दिसतो, लव दिसत नाही. साधा फोन आहे. कोणी सांगेल का?

भिंगवाला
बोरीबाभळी दादा, फार भारी माहिती. सांगतो.
बऱ्याच फोनमध्ये जवळचा फोटो मुख्य लेन्सने न निघता रुंद कोनाच्या लेन्सने निघतो. त्यासाठी दोन-तीन सेंटिमीटरवर जावं लागतं आणि मग फोनचीच सावली पानावर पडते. त्यापेक्षा चिमट्याचं स्वस्त भिंग मिळतं, ते मुख्य लेन्सवर लावा. आता महत्त्वाचं: सूर्य पाठीमागे घेऊ नका. सूर्य पानाच्या पलीकडे असू द्या, तुमच्या समोर, थोडा बाजूला. लव तेव्हाच उजळते, कारण उजेड तिच्या कडांवरून येतो. पाठीमागे काळोख हवा. कुणाला तरी गडद घोंगडं धरून चार हात लांब उभं करा. फोकस बोटाने दाबून ठेवा, म्हणजे तो कुलूपबंद होतो, मग बोटभर पुढे-मागे होत सलग फोटो काढा. वारा असेल तर डहाळी दुसऱ्या हाताने धरा, पण खुडू नका.

पळसाच्या फोटोंसाठीही एक गोष्ट. लाल-केशरी फूल उन्हात काढलं की पाकळीचे बारकावे जाऊन नुसता रंगाचा डाग उरतो, कारण कॅमेऱ्यात लाल रंग सगळ्यांत आधी भरून वाहतो. पडद्यावर फुलावर बोट टेकवा आणि उजेडाची खूण खाली ओढा. फोटो थोडा काळोखा वाटेल. वाटू दे. पाकळीवरची मखमल परत येईल.

बोरीबाभळी
घोंगडं आहे, धरायला पुतण्या आहे. उद्या पहाटे करतो.

आसोलीचो
आमच्या वेंगुर्ल्याकडे खूण डोळ्यांनी कळत नाही, नाकाने कळते. सुरंगी! झाड सदाहरित, त्यामुळे लांबून काही फरकच दिसत नाही. पण जवळ जाऊन फांद्यांच्या पानं नसलेल्या भागाकडे बघा. खोडालगतच्या जाड फांद्यांवर कळ्यांचे गुच्छच्या गुच्छ चिकटलेले असतात. कळी उमलायच्या आत खुडावी लागते, म्हणून माणसं पहाटेच झाडावर चढतात. दिवस वर आला की फुलं उघडतात आणि मधमाश्यांचा असा गुंजारव सुरू होतो की झाड दिसायच्या आधी ऐकू येतं. मग घराघरांत बायका वळेसर (सुरंगीचे गजरे) करायला बसतात. कितीतरी घरांचं या दोन महिन्यांचं उत्पन्न त्यावर असतं.

आये म्हणता, सुरंगीचो वास येवक लागलो काय समजाचा, शिमगो इलो.

फोटो काढायचा तर कळीच्या टोकाचा काढा. पांढऱ्या पाकळ्या फाकायला लागल्या की आतले पिवळे पुंकेसर डोकावतात. पाच मिनिटांचा खेळ असतो.

ठाणेकर मावशी
अवांतर: सुरंगीचं रोप पुण्या-मुंबईत लावलं तर फुलेल का हो? माहेरी होतं, आता माहेरच राहिलं नाही.

आसोलीचो
मावशी, वाढतं, पण फार सावकाश. मुळात दमट किनारपट्टीचं झाड आहे. जागा असेल तर जरूर लावा, नातवंडांना वळेसर मिळेल. शिरोड्याच्या बाजारात सुकवलेले कळेही मिळतात, तोवर कपाटात ठेवा.

सह्यभटक्या
धागा वाचून जे नवे लोक फोन घेऊन रानात जातील त्यांना कळकळीची सूचना. आत्ता झुडपांवर तपकिरी-सोनेरी मखमली शेंगा लटकताना दिसतील, इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या. सकाळच्या उन्हात अप्रतिम दिसतात. ती खाजकुहिली आहे! लांबून फोटो काढा आणि वारा कुठून येतोय ते बघून उभे राहा. ती लव अंगावर पडली की चोळायचं नाही, चोळल्यावर आणखी आत रुतते. चिकटपट्टी लावून ओढा. गावाकडे शेण लावून वाळल्यावर खरवडून काढतात, तेही त्याच तत्त्वावर.

त्याच झुडपांत गुंजेच्या शेंगा तडकलेल्या असतात, आत लाल-काळे दाणे. तिथे मनसोक्त जवळ जा, दाणा मात्र तोंडात घालू नका, विषारी असतो. मुरुडशेंगांचे पीळही आता वाळून करकरीत झालेले असतात.

मेकॅनिकल मन्या
चिकटपट्टी, घोंगडं, पुतण्या. सामानाची यादी वाढत चालली आहे :)

कॅमेरा कंदील
आमच्याकडे टेकडीवर गुलाबी बहर आलाय, पान एकही नाही. अगदी जपानचा चेरी ब्लॉसम! झब्बू म्हणून तोच देतो.

सह्यभटक्या
तो गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. मळ्यांत सावलीसाठी आणि हिरवळीच्या खतासाठी आणला आणि नंतर टेकड्यांवर वृक्षारोपणाच्या नावाखाली एकगठ्ठा लावला. दिसायला सुंदर आहे, नाकारत नाही. पण त्याखाली बसून बघा. आमच्या टेकडीवर जिथे तो दाट आहे तिथे धायटी नाही, गणेर नाही, गवतसुद्धा धड नाही. ज्या खुणांबद्दल पायवाटताई विचारतायत त्या तिथून पुसल्या गेल्यात.

कॅमेरा कंदील
झाड बाहेरचं आहे म्हणून त्याचा फोटोही काढायचा नाही का? त्यावर शिंजीर येतात, मधमाश्या येतात. त्यांना पासपोर्ट लागत नाही.

पायवाट
दोघांचंही ऐकलं. फोटो जरूर काढावा. पण चेरी म्हणून त्याचं कौतुक करण्याआधी जवळची धायटी बघा अशी माझी विनंती राहील. सह्याद्रीच्या उतारांवर, रस्त्याच्या कापलेल्या कडांवर आत्ता तिच्या लाल नळ्यांनी फांद्या भरलेल्या आहेत. बोटाच्या पेरापेक्षाही लहान फूल. एक तोडून मागून चोखलं की मध लागतो, गावातली मुलं अजून चोखतात. आणि कातळाळ उतारावर नुसत्या करड्या काटक्यांच्या टोकाला वाटीएवढं पिवळंधमक फूल दिसलं तर ती गणेर, सोनसावर. तिला गिरिपुष्पाएवढे फोटो मिळायला हवेत.

अटलांटिकपार
चेरीवरून आठवलं. क्योटोमध्ये चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासूनच्या जुन्या रोजनिशा आणि कागदपत्रांतून जुळवलेल्या आहेत. २०२१ साली पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोवरच्या १२०० वर्षांच्या नोंदींत सगळ्यांत लवकर. कुणीतरी 'आज बहर आला' एवढीच ओळ लिहून ठेवली म्हणून आज हे कळतं. जुनाजाणता काकांच्या वहीला माझं मत.

मी न्यू जर्सीत आहे. इथे फेब्रुवारीअखेर सगळं करडं असतं, पण ग्रेट स्वाम्पच्या पाणथळ भागात लाकडी पायवाटेवरून वाकून बघितलं की बर्फात वाटोळी भोकं दिसतात आणि प्रत्येकात एक जांभळट, टोकदार, जाड आवरण. स्कंक कॅबेज. हे फूल स्वतः उष्णता तयार करतं, आजूबाजूच्या हवेपेक्षा १५ अंशांहूनही जास्त, आणि भोवतीचा बर्फ वितळवून वर येतं. वास सडक्या मांसाचा, त्या वासाला पहिल्या माश्या येतात. भारतातून आले तेव्हा इथल्या हिवाळ्याने जीव उबगला होता. हे फूल दाखवलं शेजारच्या आजींनी. तेव्हापासून फेब्रुवारीची वाट बघते.

सातबारा
बर्फ वितळवणारं फूल! वाखू (वाचनखूण) साठवली.

वऱ्हाडी ठेचा
आमच्या मेळघाटाकडेही या राजेहो. मोहाची पानं गळून राहिली आहेत आणि फांदीच्या टोकाला गंजल्या रंगाच्या कळ्यांचे झुपके लागले आहेत. मोह पडायला अजून अवकाश आहे, पण लोक आत्तापासूनच झाडाखालचा पाचोळा झाडून ठेवतात. काही जण झाडत नाहीत, जाळतात, आणि तिथूनच वणवा लागतो. फोटो काढायला येणाऱ्यांनी बिडी-काडी घरी ठेवून यावं. चारोळीची झाडंही फुलली आहेत, बारीक पांढरट फुलं, कोणी बघत नाही काऊन की लोकांना चारोळी श्रीखंडावरच माहीत.

मक्याचं कणीस
यंदा आमच्याकडे (सोलापूर) पळस लवकर फुलला. हवामान बदलाचा परिणाम, दुसरं काय. भोरड्यांचे थवेही लवकर जातील बघा.

जुनाजाणता
कशाच्या मानाने लवकर? गेल्या वर्षीची तारीख लिहिलेली आहे का? माझ्या वहीत एकाच रस्त्यावरच्या शेजारशेजारच्या दोन पळसांत दोन आठवड्यांचा फरक आहे, वर्षानुवर्षं. एक झाड दरवेळी घाईत, दुसरं दरवेळी निवांत. झाड बदललं की तारीख बदलते. हवामान बदलतंय यात शंका नाही, पण एका आठवणीवरून निकाल देऊ नये.

मक्याचं कणीस
लिहिलेली नाही. पण वाटतं तर तसंच. ३०-४० वर्षं शेतात असलेल्या माणसाच्या वाटण्याला काही किंमत आहे की नाही?

भिंगवाला
आहे, नक्की आहे. आणि तुमच्याकडे पुरावाही असेल. फोनमधले जुने फोटो उघडा. प्रत्येकावर तारीख असते, बहुतेकांवर जागाही. शेताच्या बांधावरचा पळस पाठीमागे आलेला एखादा लग्नाचा, हुरडा पार्टीचा फोटो सापडेल. तीच वही झाली.

सीझनवॉच नावाचा उपक्रम याच तत्त्वावर चालतो. एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याच झाडाची पालवी, कळ्या, फुलं, फळं किती आहेत ते नोंदवायचं. केरळातल्या शाळांतली मुलं फार मोठ्या संख्येने करतात. आपल्याकडून नोंदी यायला हव्यात, विशेषतः सोलापूर, बीडसारख्या भागांतून.

मक्याचं कणीस
मुलीच्या साखरपुड्याचे फोटो आहेत, मागे पळस आहे. शोधतो.

निळा दयाळ
एक विनंती, राग मानू नका. तांबट आत्ता वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला ढोली कोरायला लागलेत, पिंगळ्यांच्या जोड्या जुन्या ढोलीत दिसायला लागल्यात. ढोलीसमोर ठाण मांडून बसू नका, आवाज लावून पक्ष्याला बोलावू नका. आमच्या कॉलनीत एका पिंगळ्याच्या ढोलीसमोर रोज संध्याकाळी फोटोवाल्यांची गर्दी व्हायची, जोडीने ती ढोली सोडली. अशा जागांचे फोटो टाकताना ठिकाण लिहू नये.

माझी खूण दयाळाची. थंडीभर झुडपात नुसता चिरचिरतो. एका पहाटे विजेच्या तारेवर बसून गायला लागतो. त्याचा मी फोटो काढत नाही, आवाज टिपून घेते. मागून कुकरच्या शिट्ट्या येतात, येऊ देत.

पायवाट
@निळा दयाळ, पूर्ण सहमत. मूळ पोस्टमध्ये हे लिहायला हवं, संपादकांना कळवते.

जुनाजाणता
परत मूळ प्रश्नाकडे येतो. वरचं सगळं वाचलं. ठाण्याच्या ताईंची फरशी आणि हरभऱ्याचा थेंब वाचून माझा विरोध बराच निवळलाय. एकाच गोष्टीचा पुन्हा पुन्हा काढलेला फोटो म्हणजे वहीच. माझा राग होता एकदा येऊन जाणाऱ्यांवर, तो तसाच आहे. नातीकडून जुना फोन घेतलाय. कुसुंबाची एक फांदी धरली आहे, अजून लाल पालवी फुटलेली नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फुटेल.

बोरीबाभळी
आला फोटो! भिंगवाले दादा, लव दिसली, प्रत्येक केसाच्या टोकाला थेंब दिसला. पुतण्याने घोंगडं धरलं आणि कुडकुडत शिव्या घातल्या. प्रचि टाकतोय.

गॅलरीतली चिमणी
बोरीबाभळी, काय सुरेख! मोठा करून बघितला. माझ्या शाळेतल्या मुलांना दाखवू का?

बोरीबाभळी
दाखवा की ताई. आंब काय ते पण सांगा त्यांना.

सातबारा
मलाही एक झाड धरायचंय. सोसायटीच्या फाटकाशी फक्त करंज आहे, तोही धुळीने माखलेला. चालेल का?

पायवाट
उत्तम चालेल. करंज याच दिवसांत जुनी पानं टाकतो आणि मार्च-एप्रिलमध्ये काही दिवसांतच पोपटी पानांनी भरून जातो, बदल इतका झपाट्याने होतो की एक आठवडा गावाला गेलात तर निसटेल. आत्ता फांदीच्या टोकाशी कोंब फुगलेत का बघा आणि जुन्या पानांवरच्या गाठींचे फोटो काढून ठेवा, त्या बारीक कोळ्यांमुळे (इंग्रजीत माइट) होतात. फाटकाच्या कुठल्या बाजूला उभं राहून काढलात ते लक्षात ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच काढा.